काना नाही, मात्रा नाही

तुम्ही हे वाचत असाल, तर कदाचित तुमच्या घरचं कुणीतरी आत्ता अतिदक्षता विभागात निपचित पडलेलं असेल आणि तुम्ही बाहेरच्या खुर्चीवर बसून 'जीबीएस बरा होतो का' असं फोनमध्ये शोधत असाल. तर सगळ्यात आधी हे ऐका. मी आज सकाळी माझ्या पायांनी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, कोथिंबीर घेतली, दुकानदाराशी तिच्या ताजेपणावरून वाद घातला आणि परत आले. एक वेळ अशी होती की माझ्या शरीरात फक्त बुबुळं हलत होती.

मी सुमित्रा. म्हैसूरची. आमचे पूर्वज कुठल्याशा काळात राजाच्या फौजेत शिपाई म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ते कसलं मराठी! अर्धं वाक्य कन्नडमध्ये सुरू होतं आणि मराठीत संपतं, नाहीतर उलट. लिहायची सवय तर नव्हतीच. ही आठवण लिहिल्यावर मालतीताईंनी शुद्धलेखन तपासून दिलं. मालतीताई कोण, ते सांगतेच, कारण ही गोष्ट माझ्या आजाराची जितकी आहे तितकीच त्यांची आणि आमच्या मंडळाची आहे.

आमचं मंडळ

मंडळाचं नाव 'काना-मात्रा'. फोनवरचा गट. पन्नासेक माणसं असतील, पण रोज बोलणारी सात-आठ. त्यातही माझी खरी मैत्री तिघांशी. मालतीताई सांगलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. फरीदा चिपळूणची, घरी शिवणाचे क्लास घेते. आणि नीलेश मस्कतला एका गोदामात सुपरवायझर आहे, मूळचा अकोल्याचा. मी म्हैसूरची म्हणून त्यानेच मला 'अक्का' म्हणायला सुरुवात केली आणि मग मी सगळ्यांचीच अक्का झाले. मालतीताई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, त्याही अक्काच म्हणतात.

आमचा खेळ सोपा. ज्याचा वार असेल त्याने शब्द घ्यायचा, त्याचे काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळं काढून टाकायचं, जोडाक्षरं सुटी करायची आणि उरलेली अक्षरं टाकायची. बाकीच्यांनी ओळखायचं. 'पण' दिलं तर पाणी, पुणे, पेण, काहीही असू शकतं. मग सूचना मागायच्या, भांडायचं, 'हा शब्दच नाही' म्हणून रुसायचं. माझं मराठी सुधारावं म्हणून मी त्यात शिरले होते. दोन-तीन वर्षांत सुधारलंही.

पण खेळ हे निमित्त. खरी मजा गप्पांची. सकाळी उठल्यावर मालतीताईंचं मांजर रात्री कुठे जाऊन आलं ते कळायचं. फरीदाकडे कुणीतरी ब्लाऊजला मागे दोन मोर आणि एक चंद्र हवा म्हणून हट्ट धरलेला असायचा. नीलेश मस्कतच्या उकाड्याचं वर्णन करायचा आणि मी हूटगळ्ळीला ऑफिसात जायच्या बसमधून आदल्या संध्याकाळच्या थंड वाऱ्याचं वर्णन टाकून त्याला छळायची. एकमेकांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आवाजही ऐकले नव्हते, कारण मंडळाचा नियमच होता: फक्त टंकून बोलायचं.

माझ्या यजमानांना, गिरीशना, हे सगळं विचित्र वाटायचं. त्यांचं मंडी मोहल्ल्यात विजेच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर समोरासमोर माणसं. "ओळख ना पाळख, कोण माणसं ही?" म्हणायचे. "सुम्ने टाइमपास." सुम्ने म्हणजे उगीचच. मी हसून सोडून द्यायची.

तो दिवस

आधी पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं. मग एका सकाळी पायांच्या बोटांना मुंग्या. झोपताना पाय अवघडला असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी कॉफीचा लोटा उचलताना हाताला जड लागला. ऑफिसची बस आली, मी पायरीवर पाय ठेवला आणि वर चढताच येईना. पाय माझा होता, जागेवर होता, पण हुकूम पोचत नव्हता. मागच्या बाईने ढकलून वर घेतलं.

दुपारी गिरीश मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्याखाली टकटक केलं. पाय उडायला हवा. उडाला नाही. दुसराही नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी बघितलं.

"अम्मा, आज घरी जायचं नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले. "आत्ताच दाखल व्हा."

"सोमवारी येते की," मी म्हटलं. "मुलीची परीक्षा आहे."

"सोमवारपर्यंत कदाचित हात उचलता येणार नाही तुम्हाला. छातीपर्यंत चढलं तर श्वासाला मदत लागेल. पण नीट ऐका, हा आजार चढतो तसा उतरतोही. बहुतेक जण उठतात. वेळ लागतो, एवढंच."

जीबीएस म्हणतात याला; यात शरीराचं रक्षण करणारी ताकदच चुकून स्वतःच्या नसांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. मला त्यातलं एकच वाक्य पकडून ठेवावंसं वाटलं: चढतो तसा उतरतो. तुम्हीही तेच पकडून ठेवा.

खाटेवर पडल्या पडल्या मी मंडळावर लिहिलं, "दाखल झालेय. नसांचा आजार. बोटं दमताहेत. आजचा शब्द कुणीतरी दुसऱ्याने द्या." बोटं खरंच दमत होती, एवढं लिहायला तीनदा थांबले. फरीदाचं लगेच उत्तर आलं, "अक्का, तू बरी होईपर्यंत तुझा वार रिकामा ठेवणार. कुणी देणार नाही." मी ते वाचलं. उत्तर लिहायला अंगठा उचललाच गेला नाही.

आतून

मग ते छातीपर्यंत चढलं. आधी तोंडातून नळी, काही दिवसांनी गळ्याला छोटं भोक पाडून तिथून. श्वास यंत्राचा. शिरेतून औषध चालू होतं. हात नाही, पाय नाही, मान नाही, आणि चेहराही गेला. ओठ मिटेनात, पापण्या मिटेनात.

लोकांना वाटतं, अशा माणसाला काही कळत नसेल. सगळं कळतं! चादरीची घडी पाठीखाली आली तर ती दोरखंडासारखी टोचते. डासाने चावलं ते कळतं. फक्त सांगता येत नाही. मला मरणाची भीती वाटली का? वाटली, पण त्याहून मोठी भीती ही होती की मी आत पूर्ण जागी आहे, हेच कुणाला कळलं नाही तर?

दवाखान्यातली दिनचर्या मला तोंडपाठ झाली. सकाळी अंग पुसणं. दर थोड्या वेळाने कुशीवर वळवणं. छातीतला कफ यंत्राने ओढणं, ते फार वाईट. मग डॉक्टरांची फेरी, मग व्यायामवाल्या बाई, मग भेटीची वेळ. पार्वती सिस्टर म्हणून एक होत्या, जवळच्या एच. डी. कोटे गावच्या. त्या माझ्याशी सारखं बोलायच्या: पाऊस, धरणाचं पाणी, त्यांच्या सासूचा हट्टीपणा. उत्तराची वाट बघितल्यासारख्या मध्येच थांबायच्यासुद्धा. ते थांबणं मला औषधासारखं वाटायचं.

माझी मुलगी अनघा भेटीच्या वेळी यायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "अम्मा, ऐकू येतंय? हो असेल तर डोळे मिट." आता पापण्याच मिटत नाहीत तर मी काय करू! मी जिवाच्या आकांताने बुबुळं वर नेली. वर, परत वर. अनघा बघत राहिली आणि किंचाळली, "सिस्टर! वर बघतेय! ती वर बघतेय!"

तेव्हापासून वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. त्या दिवशी मी परत माणसांत आले.

तक्ता

हो-नाहीवर किती दिवस चालणार? "दुखतंय का? पाठ? पाय? डोकं?" असं शंभर वेळा विचारून मग कळायचं की मला फक्त उशी सरकवून हवी आहे. दवाखान्यात इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. तो वापरून बघितला, पण घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेचं स्पेलिंग सुचत नाही. मला तरी सुचेना.

अनघाने माझ्या फोनवरून मंडळावर लिहिलं. ती शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे देवनागरी येते, पण मराठी शब्द मोजकेच. तिने लिहिलं, "मी अक्काची मुलगी. अम्मा बोलू शकत नाही. डोळे वर करते. मराठी अक्षरांचा तक्ता कसा करायचा? बाराखडी खूप मोठी आहे. प्लीज."

पुढचं मला नंतर वाचायला मिळालं, आणि वाचताना मी रडले आणि हसलेही. माणसं अक्षरशः तुटून पडली होती. पहिल्या मिनिटात फरीदाने लिहिलं, "बाराखडी कशाला? काना-मात्रा काढून टाका! आपण रोज काय करतो?"

म्हणजे बघा! आम्ही इतकी वर्षं जो रिकामटेकडा खेळ खेळत होतो, तोच. मी नुसती अक्षरं दाखवायची, काना-मात्रा समोरच्याने घालायच्या.

मग भांडण. नीलेशचं म्हणणं, जास्त लागणारी अक्षरं वर घ्या: त, र, न, ल. त्याने तसा तक्ता बनवूनही टाकला. मालतीताई म्हणाल्या, "अजिबात नाही. क-ख-ग-घ तिच्या डोक्यात लहानपणापासून ओळीने बसलंय. आजारी माणसाला अक्षर शोधायला लावू नका." दोघंही हटेनात. शेवटी अनघाने दोन्ही तक्ते छापून माझ्यासमोर धरले. मी मालतीताईंच्या तक्त्याला डोळे वर केले. नीलेशने लिहिलं, "हरलो. पण वरची पट्टी माझी." ती पट्टी तयार शब्दांची होती: दुखतंय, खाज, वळवा, पुरे. फरीदाने त्यात हट्टाने एक चौकोन वाढवला: 'गप्प बसा'. सांगते तुम्हाला, सगळ्यात जास्त मी तोच वापरला!

अनघा ओळीवर बोट ठेवायची. ही ओळ? मी वर. मग ओळीतलं एकेक अक्षर. ते ती कागदावर लिहून घ्यायची. आत फोन चालत नसे, त्यामुळे अडलं की कागद घेऊन बाहेरच्या दालनात पळायची, मंडळाला विचारायची आणि परत पळत यायची.

माझं पहिलं वाक्य होतं: ड ळ य त व र.

अनघा कागदाकडे बघत बसली. "डाळ... यात... वर? अम्मा, तुला डाळ पाहिजे?"

नाकातून नळीने पोटात अन्न जातंय आणि मी डाळ मागतेय! मी खाली बघितलं, खाली, खाली. ती पळाली. दोन मिनिटांत परत. धापा टाकत, डोळे चमकत.

"डोळ्यात वारं! अम्मा, डोळ्यात वारं जातंय? एसीचं?"

मी डोळे वर नेले ते खाली आणेनाच. पापण्या मिटत नसल्यामुळे तो थंड झोत दिवसभर उघड्या डोळ्यांवर यायचा, आग आग व्हायची. पार्वती सिस्टरनी झोत वळवला, डोळ्यांत मलम घातलं आणि पापण्या हलकेच चिकटपट्टीने मिटवल्या. किती साधी गोष्ट. मला तो काळोख इतका गोड लागला की विचारू नका. त्या म्हणाल्या, "बघा, सांगितलंत की लगेच झालं." सांगितलंत! मी सांगितलं होतं!

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. दुकान बंद करून आलेल्या गिरीशनी अनघाला फोनवर भराभरा टंकताना पाहिलं आणि ते भडकले. "अम्मा आत अशी पडलीय आणि तू चॅटिंग करतेस? कुणाशी, त्या रिकाम्या लोकांशी?"

"अप्पा, त्यांच्यामुळे ती बोलली आज!"

"चार अक्षरं लिहिली म्हणजे बोलणं नव्हे."

दोघं सगळ्यांसमोर भांडले आणि एकमेकांशी बोलायचे थांबले. मला दोघांचे चेहरे बघून कळलं, पण विचारणार कसं? एवढी अक्षरं दाखवायची शक्ती नव्हती. घरात आजार आला की असं होतं. सगळे घाबरलेले असतात आणि ती भीती जवळच्या माणसावर निघते. गिरीश वाईट नाहीत हो. ते तेव्हा आठवडाभर धड जेवलेले नव्हते.

पोटरी

एका दुपारी भेटीच्या वेळी अनघा आली, तेव्हा माझ्या डाव्या पायात काहीतरी वेगळं होत होतं. या आजारात दुखतंच, कंबर, मांड्या, सगळं. पण हे तसलं नव्हतं. एकाच जागी, खोल, पिळल्यासारखं, आणि वाढत चाललेलं. मी तक्त्याकडे बघून तो मागितला.

प ट र त क ळ.

"पोट," अनघा म्हणाली. "पोट... रात... काळं?"

मी खाली बघितलं. तिला वाटलं मी दमले. सिस्टरनी 'पोट' ऐकलं आणि पोट चाचपायला लागल्या. मी खाली, खाली. आता घाम फुटला होता मला. 'मीनखंड' असा कन्नड शब्द दिला असता तर पोरीला लगेच कळलं असतं, घरात आम्ही तोच वापरतो. पण त्या तक्त्यासमोर माझं डोकं मंडळाच्याच मराठीत चालायचं, आणि पोटरी हा शब्द मी मंडळातच शिकले होते.

अनघा बाहेर पळाली. त्या दिवशी दालनात गिरीश बसलेले होते. तिने त्यांच्याकडे न बघता सहा अक्षरं मंडळावर टाकली. वर लिहिलं, "घाबरलीय. लवकर."

दुपारची वेळ, अर्धं मंडळ जेवून लवंडलेलं. पण उत्तरं आली. मालतीताई: "पोटरीत कळ." त्याच क्षणाला फरीदा: "पोटरीत कळ येतेय तिला!" आणि नीलेश: "कुठली पोटरी विचार. डॉक्टरला बोलाव. पळ अनघा पळ!"

"पोटरी म्हणजे काय?" अनघाने मोठ्याने विचारलं.

गिरीश उठून उभे राहिले. "मीनखंड," ते म्हणाले. "मीनखंड दुखतोय तिचा." आणि मुलीच्या आधी तेच दाराकडे धावले.

डॉक्टर आले. मी दोन अक्षरं दाखवली, ड व. डावी. त्यांनी पाय बघितला. जरासा सुजलेला, हाताला गरम. लगेच सोनोग्राफीचं यंत्र आणवलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू असूनही अंथरुणाला खिळलेल्या माणसाला असं होऊ शकतं, ते म्हणाले. ती तिथून सुटून फुप्फुसात गेली असती, तर यंत्रावरच्या माणसाला ते झेपणं अवघड. औषधं वाढवली. गुठळी जागेवरच राहिली आणि हळूहळू विरली.

"तुम्ही वेळेवर सांगितलंत," डॉक्टर मला म्हणाले. मी तक्त्याकडे डोळे वळवले, मग अनघाकडे. त्यांना कळलं.

त्या संध्याकाळी सिस्टरनी खास परवानगी काढून फोन आत आणू दिला. खाटेशेजारी खुर्ची ओढून गिरीश बसले. त्यांचं शिक्षण कन्नडमध्ये. देवनागरी ते एकेक अक्षर लावून वाचतात, पहिलीतल्या मुलासारखे. त्यांनी मंडळ उघडलं आणि वाचायला लागले. "मा... ल... ती... ताई. अ... क्का... क... शी... आ... हे." दिवसभराचे सगळे निरोप त्यांनी वाचले. मांजराच्या बातमीसह! ब्लाऊजवरचा मोर वाचताना तर स्वतःच हसायला लागले, "हे काय ग? पाठीवर मोर?" अनघा पलीकडे उभी होती. ती येऊन त्यांच्या खांद्याला टेकली.

त्यानंतर रोज तेच वाचून दाखवायचे. महिनाभरात भराभर वाचायला लागले.

उतरण

आणि मग ते उतरायला लागलं! चढताना खालून वर आलं होतं, उतरताना आधी वरचं सुटलं. पहिल्यांदा भुवई हलली. मग पापण्या मिटल्या. मग खांदा किंचित उचलला गेला. व्यायामवाल्या बाई म्हणायच्या, "इन्नोंदु सल." आणखी एकदा. मी आणखी एकदा करायची आणि आणखी एकदा. अनघा मंडळावर फक्त दोन शब्द टाकायची, "खांदा हलला!" आणि तिकडे नुसता कल्लोळ. नीलेशने गोदामात सगळ्यांना खजूर वाटले. फरीदाने क्लासला सुट्टी दिली. मालतीताईंनी लिहिलं, "आनंदाने मांजराला उचललं. त्याला आवडलं नाही."

या आजारात घरच्यांनी एक करावं. असली बारीकसारीक बातमी ज्यांना सांगता येईल, अशी माणसं गाठून ठेवावीत. खांदा अर्धा इंच हलला यावर नातेवाईक म्हणतात, "पण चालणार कधी?" अर्ध्या इंचावर नाचणारी माणसं लागतात.

यंत्र हळूहळू सुटलं. एका सकाळी डॉक्टरांनी गळ्यातल्या नळीला छोटं झाकण लावलं. म्हणाले, "आता बोलून बघा. काहीही बोला."

समोर अनघा, गिरीश, पार्वती सिस्टर, सगळे श्वास रोखून. इतके आठवडे मी अनघाचे मोकळे सुटलेले केस बघत होते. मी म्हटलं, "अनघा, केस बांध."

आवाज घोगरा, फाटका, कुणा म्हाताऱ्या बाईचा वाटावा असा. अनघा रडत रडत केस बांधायला लागली आणि गिरीश भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मंडळाचा नियम मोडला गेला. माझा आवाज ध्वनिमुद्रित करून टाकल्याशिवाय ते लोक ऐकेनात. मी म्हटलं, "नमस्कार मंडळी, मी अक्का." बस्स. फरीदाने तेवढंच वीस वेळा ऐकलं म्हणे. मालतीताईंनी लिहिलं, "मला वाटलं होतं तुझा आवाज बारीक असेल."

घरी आले तेव्हा चाकाच्या खुर्चीत होते. मग वॉकर, मग काठी. पावलं अजून जराशी लोंबतात, घोट्याला पट्टे बांधते. संध्याकाळी फार दमते. काही दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते, तेही सांगून ठेवते. पण हूटगळ्ळीच्या त्या बसची पायरी मी चढले आहे. ड्रायव्हरने टाळी वाजवली.

स्टेशनवर

आणि मग, गेल्या महिन्यात, ते आले! नीलेश मस्कतहून सुट्टीवर आला होता. मालतीताई आणि फरीदा मिरजेला एकाच गाडीत बसल्या, नीलेशही त्यांच्याबरोबर. आदल्या दिवशी आनंदाने माझं जेवणात लक्षच नव्हतं. गिरीशनी दुकान बंद ठेवलं. हो, गिरीशनी! सकाळपासून तीनदा गाडीची वेळ बघितली.

म्हैसूरच्या फलाटावर मी काठी घेऊन उभी होते. मालतीताई माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी बुटक्या निघाल्या. फरीदा उंच, जोराने चालणारी. नीलेशचे केस पांढरे व्हायला लागलेले. तो माझ्यासमोर येऊन थांबला, "अक्का?" म्हणाला आणि हातातली बॅग तिथेच खाली ठेवली. फरीदाने सरळ मिठी मारली. काठी पडली. मी नाही पडले.

घरी आलो, बैठकीत बसलो आणि काय झालं सांगू? सगळे गप्प! वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ बडबडलेली माणसं आम्ही, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून लाजतोय. मालतीताई पदर सारखा करताहेत. नीलेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय. गिरीश कॉफीचा ट्रे घेऊन मध्ये उभे, कुणाला आधी द्यावी कळेना.

माझा फोन वाजला. मंडळावर फरीदाचा निरोप. ती समोरच बसली होती, मान खाली घालून.

"कुणीतरी बोला ना. मला लाज वाटतेय."

नीलेशने तिथेच बसून लिहिलं, "तुम्ही आधी."

मालतीताईंनी चष्मा वर करून दोन्ही निरोप वाचले आणि मोठ्याने, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "फोन ठेवा खाली! आणि त्या बिचाऱ्याच्या हातातली कॉफी घ्या आधी."

हसू असं फुटलं की नीलेशच्या शर्टावर कॉफी सांडली. फरीदाने तिथल्या तिथे त्याला तो कसा धुवायचा ते सांगितलं, त्यावर मालतीताईंचं वेगळं मत, त्यावर गिरीशचं कन्नडमध्ये तिसरंच. मग जे बोलायला लागलो ते दुपारचं जेवण झालं, ऊन उतरलं, अनघा कॉलेजातून आली, तरी संपेना.

मंडळावर बाकीची माणसं दिवसभर विचारत होती. "पोचलात का?" "फोटो टाका की!" "अहो, कुठे गेलात सगळे?" हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी कुणी फोन उचललाच नाही.